फॉरमॅटभाऊंनी हवालदार पुसला

येसाजी ठोंबरे यांना नुसतं ‘येसा’ म्हणणारी माणसं वरईतळ्यात आता फार उरलेली नाहीत. बाकी गाव त्यांना तोंडावर ‘भाऊ’ म्हणतो आणि पाठ फिरली की ‘फॉरमॅटभाऊ’. भाऊंना हे ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर मनातून ते नाव त्यांना आवडतं. गावात कुणाला ढोल्या म्हणतात, कुणाला चिंगळ्या म्हणतात. आपल्याला निदान इंग्रजी नाव मिळालं, असं त्यांना वाटतं.

नाव त्यांनी कमावलेलं आहे. सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. समोर कागद आला की भाऊ त्यातला मजकूर आधी बघतच नसत. हात लांब करून कागद दूर धरायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, “फॉरमॅटमध्ये नाही.” संपलं. कुणाचं ‘प्रति’ कोपऱ्यात हवं ते मधोमध आलेलं, कुणाच्या ‘विषया’खाली रेघ नाही, कुणी समास डावीकडे सोडायचा तो उजवीकडे सोडलेला. डोंगरपाड्यावरचा शुक्रा वीज पडून म्हैस मेल्याचा अर्ज घेऊन आला, तोही परत गेला, कारण अर्जात म्हैस आधी मेली होती आणि वीज नंतर पडली होती. साजगावहून खुद्द मेहुणा आला. त्याचाही कागद परत गेला आणि त्या भाऊबीजेला भाऊंच्या बायकोशी, सुनितावहिनींशी, माहेरी कुणी धड बोललं नाही.

पण माणूस वाईट नाही, हेही लगेच सांगून टाकायला हवं. त्यांनी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. कचेरी सुटली की परत पाठवलेल्या माणसाला ते स्वतःच बाहेरच्या टपरीवर बसवायचे आणि त्याचा अर्ज सुवाच्य अक्षरात, नीट फॉरमॅटमध्ये लिहून द्यायचे. दुसऱ्या दिवशी तोच कागद टेबलावर आला की आपणच लिहिलेला तो मजकूर हात लांब करून बघायचे आणि “वा!” म्हणायचे. शुक्राला त्याच्या म्हशीची भरपाई मिळाली. तो अजूनही पावसाळ्यात त्यांना रानातली कर्टुली आणून देतो आणि भाऊ ती टोपलीत लहानमोठी वेगळी करून लावून घेतात.

निवृत्तीच्या समारंभात त्यांना सन्मानपत्र मिळालं. भाऊंनी ते व्यासपीठावरच वाचलं आणि दिनांक खाली डावीकडे हवा होता म्हणून साहेबांच्या हातात परत दिलं. लोकांना वाटलं विनोद केला. तसं काही नव्हतं.

अशा माणसाचा आयुष्यात एकदाच चारचौघांत पचका झाला होता. तोही सरकारी कामात नव्हे, तर गावच्या नाटकात.

गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. चैत्रातल्या उत्सवाला मारुतीच्या देवळापुढे गावकरी दरवर्षी नाटक बसवायचे. भाऊ अर्थातच प्रॉम्प्टर. नाटकाचं पुस्तक हातात घेऊन विंगेत उभं राहायचं आणि कुणी शब्द विसरला की हळूच सांगायचा, हे काम त्यांच्यासाठीच जन्माला आलं होतं. नट अडखळला तर ते शब्द सांगत आणि अडखळला नाही तरी सांगत. त्या वर्षीच्या नाटकात शेवटच्या प्रवेशात हवालदार येतो, एक वाक्य बोलतो, खलनायकाला पकडतो आणि पडदा पडतो. जो हवालदार व्हायचा होता त्याला ऐन वेळी गालगुंड झालं. खाकी कपडे मापाने मोठे होते. ते ज्याला बसतील असा एकच माणूस गावात होता, तो म्हणजे भाऊंचा शाळेपासूनचा दोस्त धोंडी.

धोंडी अंगानं आडदांड आणि स्वभावानं भलता लाजाळू. कॅमेरा दिसला की तो खांबामागे जायचा. गावातल्या झाडून सगळ्या लग्नांच्या व्हिडिओत तो आहे, पण कुठे नुसतं कोपर, कुठे नुसती पाठ. तर हा माणूस त्या रात्री टोपी घालून रंगमंचावर आला आणि उभा राहिला. वाक्य होतं, “थांबा! या घरातून कुणीही हलायचं नाही. खरा गुन्हेगार कोण आहे, ते मला कळलेलं आहे!”

धोंडी थांबला. कुणी हललं नाही. पुढं काहीच होईना.

भाऊंनी विंगेतून वाक्य सांगितलं. मग जरा मोठ्यानं सांगितलं. मग इतक्या मोठ्यानं सांगितलं की देवळामागे भज्यांच्या कढईपाशी बसलेल्यांनाही पाठ झालं. खलनायक झालेला जगदीश सुतार बिचारा दोन्ही मनगटं पुढे करून बेडीची वाट बघत उभा. लोक हसायला लागले. भाऊंचं डोकं तापलं. उकाड्यानं त्यांनी सदरा काढून ठेवला होता. बनियन आणि चौकड्याची लुंगी अशा वेषात, पुस्तक हातात घेऊन ते तरातरा रंगमंचावर आले, धोंडीच्या पुढे उभे राहिले, वाक्य खणखणीत म्हटलं, जगदीशला स्वतःच धरलं आणि पडदा ओढायला सांगितलं. त्या रात्रीइतक्या टाळ्या वरईतळ्यात आजवर कुणाला पडलेल्या नाहीत.

तेव्हापासून गावात कुणी काही विसरलं की म्हणायची रीत पडली, “येसाला बोलवा, लुंगीवर आला तरी चालंल.” भाऊंना ते फार लागायचं. धोंडी भेटला की ते बोट नाचवायचे, “एक वाक्य रं! एकच वाक्य!” धोंडी म्हणायचा, “जाऊ दे ना, येसा,” आणि हसून बैलांकडे निघून जायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. मागच्या पावसाळ्यात धोंडी गेला.

या वर्षी उत्सव मंडळाचा नवा अध्यक्ष योगेंद्र याच्या डोक्यात आलं की जुनं नाटक मोठ्या पडद्यावर दाखवायचं. सगळ्यांना लुंगीवरचे भाऊ बघायचे होते, हे काही कुणी उघड बोललं नाही. नाटकाचं शूटिंग तेव्हा भिसेगावातल्या पोपटने केलं होतं, खांद्यावर पेटीएवढा कॅमेरा घेऊन. त्याचा फोटो स्टुडिओ अजून चालतो. कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा त्यानं त्यातलं सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं होतं आणि कॅसेटी फेकून दिल्या होत्या. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, पण वरईतळ्याची सगळी नाटकं तिच्यात. पोपटला उत्सवापर्यंत लग्नांची कामं होती. स्टुडिओतल्या पसाऱ्यात डबी हरवेल म्हणून ती कुणाकडे तरी जपून ठेवायची ठरली आणि जपून ठेवायचं म्हटल्यावर भाऊंशिवाय दुसरं नाव निघणार कुठून?

“भाऊ, ही नुसती ठेवा,” पोपट म्हणाला. “लावू नका कुठं. उत्सवाच्या दिवशी माझा कॉम्प्युटर मी घेऊन येतो.”

भाऊंनी मान डोलावली. पण सगळी नोकरी आवकच्या टेबलावर काढलेल्या माणसाला आत काय आहे हे न बघता वस्तू घरात ठेवणं जमतं का? त्यात घरात लॅपटॉप होता. त्यांची मुलगी सुरभी शेलूला नव्या इमारतीत राहते. तिनं नवा घेतला तेव्हा जुना बाबांना दिला. भाऊ त्याला उशीच्या अभ्र्यात घालून ठेवत आणि त्यावर गावातल्यांचे अर्ज टाइप करून देत. तरीही त्यांनी दोन दिवस स्वतःला आवरलं असतं, नव्हे आवरलंही होतं. पण तिसऱ्या दिवशी अंबाबाई आली.

अंबाबाई म्हणजे धोंडीची बायको. धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन ती ओटीवर येऊन बसली. सुनितावहिनींनी चहा ठेवला.

“भावजी,” ती म्हणाली, “त्या डबीत आमचं मानूस हाय म्हनं.”

“आहे ना, वैनी. हवालदार झालाय.”

“मला बगायचंय. तितं पडद्याम्होरं समदा गाव आसंल, पोरं धिंगाना घालतील, मला काय दिसायचं नाय. घरात फोटू हाय तो पन आधार कार्डावरचा. त्यात मेलेला दिसतोय, जित्ता आसताना काडलेला आसून. जरा हलताना बगू दे की.”

यावर नाही म्हणायला दगडाचं काळीज हवं. भाऊंनी लॅपटॉप अभ्र्यातून काढला, चौरंगावर ठेवला आणि कपाटातून डबी आणली. वायरचं एक टोक ओळखीचं होतं, ते लॅपटॉपच्या कुशीत घालायचं. पहिल्यांदा गेलं नाही, उलटं केलं, तरी गेलं नाही, पुन्हा सुलटं केलं तेव्हा गेलं. दुसरं टोक विचित्र होतं, रुंद आणि मध्येच खाच पाडलेलं. ते डबीत बसवताना भाऊंच्या कपाळावर घाम आला. मग डबीवर बारीक निळा दिवा लागला, लॅपटॉपमधून ‘डुडुंग’ असा आवाज आला आणि अंबाबाईनं हात जोडले.

पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत लिहिलं होतं, पण भाऊंना एवढं इंग्रजी येत होतं. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करणं आवश्यक आहे. फॉरमॅट करू का?

भाऊंनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. आयुष्यभर ज्यासाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ते आज एक यंत्र, तेही परदेशी, स्वतःहून विचारत होतं.

“काय म्हनतंय?” अंबाबाईनं विचारलं.

“फॉरमॅट मागतंय.”

“मग द्या की! तुमाला काय जड हाय?”

भाऊंनी ‘फॉरमॅट’वर दाबलं. दुसरी चौकट आली आणि तिच्यात चक्क रकाने होते, एकाखाली एक, सगळे आधीच भरलेले. एका ठिकाणी ‘क्विक’ असं लिहून आधीच बरोबरची खूण केलेली होती. म्हणजे तातडीचे प्रकरण. भाऊंनी मनातल्या मनात त्या कारखान्यातल्या माणसांना शाबासकी दिली. खाली ‘स्टार्ट’ होतं, ते दाबलं. तेव्हा पिवळा त्रिकोण आला आणि त्याच्यापुढे ‘वॉर्निंग’ असा शब्द आणि बारीक अक्षरांत दोन ओळी. आता प्रत्येक सरकारी कागदाखाली अशी ताकीद असतेच. ‘खालचं बारीक वाचत बसू नका, सही करा,’ असं भाऊंनी स्वतः हजारो लोकांना सांगितलेलं. त्यांनी ‘ओके’ केलं.

एक हिरवी पट्टी भराभर पुढे सरकली आणि निरोप आला, फॉरमॅट पूर्ण.

“बघा,” भाऊ अंबाबाईला म्हणाले, “एका फटक्यात मंजूर!”

त्यांनी डबी उघडली. आत पांढरं शुभ्र होतं. ‘हे फोल्डर रिकामं आहे,’ असं मधोमध लिहिलेलं.

अंबाबाई पुढे वाकली. “आमचं मानूस कुटं हाय?”

“अजून आलेला नाही.”

“त्याचं आसंच आसायचं. पंगत उटली तरी येयाचा नाय.”

त्या दोघांनी चहा होईपर्यंत धोंडीची वाट पाहिली. मग भाऊंनी सुरभीला फोन लावला.

“बाबा, रिकामं कसं असेल? तुम्ही काही दाबलंत का?”

“काही नाही. त्यानं फॉरमॅट मागितला, तो दिला.”

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

“बाबा,” सुरभी हळूच म्हणाली, “फॉरमॅट म्हणजे काय, माहितीय ना तुम्हाला?”

“मला विचारतेस? मला?”

“फॉरमॅट करणं म्हणजे पुसणं, बाबा. आतलं सगळं पुसून टाकणं.”

भाऊ उभे होते ते खाली बसले. “असं कुणी ठरवलं?” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

निरोप मिळताच पोपट मोटरसायकल दामटत आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावून ओटीवर बसला. डबी मुळात बिघडलीच नव्हती. पोपटच्या स्टुडिओत सफरचंदाचं चित्र असलेला कॉम्प्युटर आहे. त्यावर भरलेली डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला वाचता येत नाही. न वाचता आलेला माल आपल्या पद्धतीनं धुऊन घ्यायचा, एवढंच त्या लॅपटॉपला कळत होतं.

“म्हणजे न वाचताच परत!” सुनितावहिनी आतून म्हणाल्या. भाऊंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

“भाऊ, याच्यावर नंतर दुसरं काय भरलं नाय ना?” पोपटनं विचारलं.

“नाही. लगेच काढली.”

“मग बघतो. पाटी हातानं पुसली तरी पुसट अक्षरं दिसतात ना, तसं कायतरी गावंल. पन शब्द देत नाय.” त्यानं डबी रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि गेला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आणि गावानं जो निष्कर्ष काढला तो भाऊंच्या स्वप्नातही नव्हता. योगेंद्रने मारुतीच्या पारावर सरळ सांगितलं, “मुद्दाम पुसलंय! लुंगीवरचं दिसंल म्हणून. फॉरमॅटभाऊंना फॉरमॅट म्हणजे काय ते माहीत नाय, असं कुणी सांगितलं तर पटंल का कुणाला?”

कुणालाही पटलं नाही. भाऊ दुकानात गेले की लोक गप्प होत. एकानं तर, “भाऊ, पद्धतशीर काम केलंत,” असं तोंडावर म्हटलं. आणि यात खरी गंमत अशी की भाऊंनी ते खोडून काढलं नाही. खरं काय ते सांगायचं तर भर पारावर म्हणावं लागणार होतं की सगळी नोकरी ज्या शब्दावर काढली, त्या शब्दाचा एक अर्थ मला ठाऊकच नव्हता. भाऊंनी मनाशी तोलून पाहिलं. लबाड म्हटलं तर म्हणू देत, अडाणी म्हटलेलं चालणार नाही. सुनितावहिनींनी दोनदा सांगून पाहिलं, “अहो, जाऊन सांगा ना काय झालं ते.” भाऊ म्हणाले, “लेखी मागितलं तर देईन.”

पण दोन रात्री त्यांना नीट झोप आली नाही. त्याचं कारण लुंगी नव्हतं. डोळे मिटले की धुतलेलं लुगडं नेसून ओटीवर बसलेली अंबाबाई दिसायची.

तीच परत आली. या वेळी ओटीवर चढली नाही, अंगणातच उभी राहिली.

“भावजी, समदी म्हंत्यात तुमी मुद्दाम पुसलात. माज्या मानसाला पुसलात व्हय मुद्दाम?”

भाऊ चपला न घालता अंगणात उतरले. “नाही हो, वैनी. तुमची शपथ. मला ठाऊक नव्हतं.”

“काय ठावं नवतं?”

“फॉरमॅट म्हणजे काय ते.”

अंबाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. “तुमाला?”

“मला.”

“मग येवडी वर्सं लोकांना काय मागत व्हता?”

“तो वेगळा फॉरमॅट, वैनी. तो कागदाचा.” भाऊ आपल्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. “मला वाटलं तसाच असेल. माझ्या हातानं गेला हो धोंडी. त्या डबीत तेवढाच उरला होता तो.”

अंबाबाईनं पदरानं नाक पुसलं. “तुमच्या एकल्याच्या हातानं नाय. द्या की, म्हनून मीच बोलले.” आणि मग ओटीवर चढत, “चा टाकला आसंल तर घेते घोटभर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर अंबाबाईनं हंडा खाली ठेवून सगळ्यांना ठणकावलं. अगदी चांगल्या मनानं. “भावजींना कुनी काय बोलायचं नाय. ते लबाड नायत. आडानी हायत.”

गाव इतकं हसलं की राग धुऊनच गेला. योगेंद्र स्वतः येऊन पाया पडून गेला, अर्थात हसू दाबत. भाऊंना अंघोळ करून उठल्यासारखं हलकं वाटलं, हे त्यांचं त्यांनाच नवल होतं.

उत्सवाच्या दिवशी पोपट आला तो डोळे तारवटून. त्यानं डबी खरवडून जेवढं निघालं तेवढं काढलं होतं. तुकड्यांची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. त्यानं अंदाजानं ते एकापुढे एक लावले होते. अंधार पडल्यावर देवळापुढे पडदा लागला आणि नाटक सुरू झालं. नायिका आधी विधवा झाली आणि मग तिचं लग्न लागलं. ऐन दरोड्यात दहिवलीच्या कुणाच्या तरी बारशाचा पाळणा हलायला लागला. बायकांनी त्या बाळालाही नाव ठेवून घेतलं. लोकांना असं नाटक उभ्या जन्मात बघायला मिळालं नव्हतं.

भाऊंनी अंबाबाईसाठी सगळ्यात पुढे खुर्ची ठेवली होती आणि शेजारी स्वतः बसले होते. शेवटी पडदा जरा फडफडला आणि खाकी कपड्यातला धोंडी आला. अगदी स्वच्छ. नुसता आवाज नव्हता.

“आवाज! आवाज!” मागून ओरडा झाला.

“आवाज नाय गावला!” पोपट ओरडला. “चित्र आलं हेच नशीब समजा!”

“धोंडीकाकाला आवाज कशाला?” कुणीतरी म्हणालं. “तो गपच उभा हाय!” आणि सगळी माणसं हसायला लागली, पडद्यावरची आणि पडद्यापुढची. जगदीश सुतारनं मनगटं पुढे केली. विंगेतून भाऊंचा पुस्तक धरलेला हात वरखाली होताना दिसत होता. अंबाबाई हसत नव्हती. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून नवऱ्याकडे बघत होती.

भाऊसुद्धा बघत होते. आणि बघता बघता ते खुर्चीच्या कडेवर आले. त्या वाक्याचं अक्षर न् अक्षर त्यांना झोपेतही पाठ होतं. धोंडीचे ओठ हलत होते. फार नाही, मिशीखाली जरासे. थां. बा. या. घरातून. कुणीही.

“म्हणतोय तो,” भाऊ म्हणाले.

“काय?”

“वैनी, धोंडी वाक्य म्हणतोय! विसरला नव्हता तो. त्याचा आवाज फुटत नव्हता आणि मी तिकडून बोंबलत होतो, म्हणून कुणाला ऐकू आलं नाही. पोपट, मागं घे! परत लाव!”

पोपटनं परत लावलं. भाऊ उभे राहिले. त्यांच्या सवयीप्रमाणे घाई करून चालण्यासारखं नव्हतं, कारण धोंडीचे ओठ आपल्या चालीनंच जात होते. देवळापुढं सगळं चिडीचूप झालं आणि भाऊ ओठांकडे बघत, एकेक शब्द थांबून, मोठ्यानं म्हणायला लागले. “थांबा... या घरातून... कुणीही... हलायचं नाही...”

अंबाबाईनं तोंडाला पदर लावला.

“खरा... गुन्हेगार... कोण...”

आणि तिथं पडद्यावर बनियन-लुंगीतले भाऊ तरातरा आले आणि धोंडीच्या पुढे उभे राहिले. मागे फक्त टोपी दिसत होती. ती हलत होती.

भाऊ थांबले.

“म्होरं काय म्हंतोय?” अंबाबाईनं विचारलं.

“पुढचं दिसत नाही, वैनी,” भाऊ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. “मी आडवा आलोय.”

“मग सरका की वाईच!” अंबाबाई पडद्याकडे बघतच म्हणाली.

आणि खुर्चीपाशी उभे असलेले भाऊ खरंच बाजूला सरकले.